धड्यातली आजी

थांग शौरन यांचा घास हातातच राहिला. पालकांच्या ग्रुपवर हाओयूच्या आईने विचारलं होतं, "युनशूचे बाबा, उद्याच्या इंग्रजी उताऱ्याची उत्तरं मिळतील का? आमचं घोडं अडलंय."

या ग्रुपात शिक्षक नव्हते. शिक्षकांच्या ग्रुपवर सगळे "मिळालं, बाई, धन्यवाद" एवढंच लिहीत. खरं बोलणं इथे चाले. वूशी शहरातल्या त्या सहावीच्या वर्गात थांगसाहेबांच्या इंग्रजीचा दरारा होता, कारण ते परदेशात छत्र्या पाठवणाऱ्या कंपनीत होते. तिथली इंग्रजी पत्रं कॉम्प्युटर लिहितो हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"युनशूचं बघा ना, तिचं कधीच झालंय," बायको म्हणाली.

"कालची पोर ती! तिचं बघून मी लिहू?"

टोमॅटो-अंड्याची ताटली बाजूला सारून त्यांनी भराभर उत्तरं लिहिली, फोटो काढला आणि पाठवून दिला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. थांगसाहेबांनी भात पुन्हा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्साओ बाई वह्या तपासायला बसल्या आणि चकित झाल्या. उताऱ्यातली आजी शेवटी नातवंडांसाठी केक भाजत होती. अख्ख्या वर्गाने मात्र एकमताने लिहिलं होतं की आजी वारली, म्हणून सगळे जमले. एकट्या युनशूने आजीला जिवंत ठेवलं होतं.

शनिवारी पालकसभेत थांगसाहेब मुलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. "युनशूच्या बाबांनी जरा सांगावं," बाई कौतुकाने म्हणाल्या, "घरी कसा अभ्यास घेता?" वर्गातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. थांगसाहेब अर्धवट उठले, "मुलीचीच मेहनत" असं काहीसं पुटपुटले आणि खाली बसले.

सभा सुटताच हाओयूच्या आईने त्यांना जिन्यात गाठलं. मागे बाकीचे पालक होतेच.

"वा, युनशूचे बाबा! आमच्या पोरांना खड्ड्यात घातलंत आणि आपली लेक पहिली! मुद्दाम केलंत ना?"

नाही म्हणावं तर इंग्रजी येत नाही हे कबूल करावं लागणार. हो म्हणावं तर लबाड ठरणार. लबाडाची निदान अक्कल तरी शाबूत असते.

"मुद्दामच," ते म्हणाले. "स्पर्धा आहे शेवटी."

हाओयूची आई हळूच म्हणाली, "बाई गं, काय डोकं आहे!" तिच्या आवाजात राग कमी आणि आदरच जास्त होता.

अब्रू वाचली, पण थांगसाहेबांना त्यांचं मन खाऊ लागलं. पुढच्या उताऱ्याला त्यांनी सुट्टीच्या दिवशी सकाळपासून शब्दकोश घेऊन ठाण मांडलं. प्रत्येक विधान बरोबर की चूक, एवढंच ठरवायचं होतं. तेवढ्यासाठी त्यांचा चहा तीनदा गार झाला. संध्याकाळी त्यांनी उत्तरं ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "या वेळी अगदी मनापासून."

पालक आता शहाणे झाले होते. त्यांनी जिथे 'बरोबर' होतं तिथे मुलांकडून 'चूक' लिहवून घेतलं, आणि 'चूक' होतं तिथे 'बरोबर'.

त्साओ बाईंचा आनंद गगनात मावेना. सगळा वर्ग पहिला आला होता. उत्तरं चुकली ती फक्त एकीची.

"युनशू, अगं तुझं कसं चुकलं?" थांगसाहेबांनी तिच्या वहीतल्या लाल फुल्यांकडे बघत विचारलं. "तुला तर येत होतं ना?"

"येत होतं," युनशू म्हणाली. "पण तू दिवसभर एवढा खपलास, बाबा. म्हटलं, निदान घरातल्या एकाने तरी तुझं ऐकावं."