तिसऱ्या पेल्यापर्यंतचं अध्यक्षपद

माणसाला नेता करायला फारसं काही लागत नाही. एक चटई आणि चार घाईतली माणसं मिळाली तरी भागतं. नेत्याचा पुन्हा माणूस करायला मात्र फॉर्म लागतो. ही गोष्ट मॉरिटानियाच्या राजधानीतल्या, म्हणजे नुआकशोटच्या, ‘परदेशस्थ विद्यार्थी नेतृत्व संवर्धन कक्षा’च्या ध्यानात आली, आणि त्याबद्दल त्या कक्षाचं करावं तेवढं कौतुक थोडंच आहे.

कक्षाचा नियम सरळ होता. सरकारी शिष्यवृत्तीवर बाहेर शिकणाऱ्या प्रत्येक मॉरिटानियन विद्यार्थ्यानं दरवर्षी ‘लोकशाही, नेतृत्व आणि मी’ या विषयावर वीस पानी चिंतन पाठवायचं आणि सोबत नमुना ‘ड’ जोडायचा. चिंतन कुणी वाचत नसे (ते वाचायला नेमलेले अधिकारी स्वतःच पाच वर्षं चिंतनासाठी बाहेर गेले होते). नमुना ‘ड’ मात्र डोळ्यांत तेल घालून तपासला जाई. राहत्या जागी एक खरीखुरी निवडणूक घेतल्याचा तो पुरावा. रकाना एक: मी जिंकलो, खाली विजेत्याची सही. रकाना दोन: मी हरलो, खाली हरलेल्याची सही. रकाना तीन: मुदत संपल्यावर मी पद सोडले, खाली पुन्हा विजेत्याची सही. एक जरी रकाना कोरा राहिला तरी शिष्यवृत्ती बंद.

ट्युनिसमध्ये शेतकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या इसलमूला हा नियम तोंडपाठ होता, कारण तो त्याच्या मामालाही तोंडपाठ होता. मामाचं किफाच्या बाजारात कापडाचं दुकान. शिष्यवृत्ती गेली की भाचा दुकानात, हे घरात केव्हाच ठरलेलं. “तुझ्यासाठी उंच स्टूल करून घेतलंय बघ,” मामा दर शुक्रवारी फोनवर सांगे. “वर गादीसुद्धा शिवून घेतलीय. घाई नाही, बाळा. तू आपला सावकाश ये.” इसलमूला खजुरीच्या झाडांवरच्या रोगांचा अभ्यास करायचा होता. बायकांपुढं तागे उलगडत त्या स्टुलावर म्हातारं व्हायचं नव्हतं.

तेव्हा निवडणूक घेणं भाग होतं. घरमालकीण लल्ला वसीला यांच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर पाच मॉरिटानियन पोरं राहत; सरकारी शिष्यवृत्ती त्यांत एकट्या इसलमूलाच. इसलमूनं घटना लिहिली. पद: चटईचा अध्यक्ष. मुदत: चहाची एक बैठक, म्हणजे पहिल्या पेल्यापासून तिसऱ्या पेल्यापर्यंत. आमच्या मॉरिटानियात चहाचे पेले तीनच, आणि तिसरा पोटात गेल्याशिवाय बैठकीतून उठणं म्हणजे चहा करणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. फार तर दीड तासाचा मामला. मुदत एवढी लहान ठेवली म्हणजे कुणाला सत्तेचा मोह होणार नाही, असं चिंतनाच्या सातव्या पानावर इसलमूनं मोठ्या अभिमानानं नमूद केलं होतं.

पहिली अडचण आली ती उमेदवारांची. आमच्यात आपण होऊन पद मागणारा आणि एका परातीत जेवताना दुसऱ्याच्या बाजूचा मासा उचलणारा यांना एकाच पंगतीत बसवतात. पाच जणांनी प्रत्येकी तीनदा ‘छे छे, मी कुठला लायक’ म्हटलं: एकूण नकार पंधरा, देवाच्या शपथा सतरा (दोन शपथा बूहनं जास्तीच्या घेतल्या, तो वैद्यकीचा विद्यार्थी आणि अंगानं दांडगा, त्याला सगळंच थोडं जास्त लागतं). शेवटी हमूदवर माळ पडली. हमूद सगळ्यांत थोरला, कायद्याच्या सातव्या वर्षात, अभ्यासक्रम चार वर्षांचा. किटली रोज त्याच्याच हातात असे. “मी कशाला रे? मला नको,” असं तो चौथ्यांदा म्हणाला नाही, यावरून त्याची संमती गृहीत धरण्यात आली.

त्याच्याविरुद्ध उभा कोण राहणार? थोरल्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे आईला तोंड दाखवायला जागा नाही. इसलमूनं बूहची दोन दिवस मनधरणी केली आणि तो नक्की हरेल याची हमी दिली, तेव्हा कुठं गडी तयार झाला. मतदान गुप्त, चहाच्या रिकाम्या डब्यात. हमूद चार, बूह एक. ते एक मत हमूदचं होतं. बूहनं ‘मी हरलो’वर इतक्या आनंदानं सही केली की कागद फाटता फाटता वाचला.

दोन रकाने भरले. जगातल्या सगळ्या लोकशाह्यांना जो रकाना जड जातो तो दुसरा, अशी इसलमूची समजूत होती. पोरगं अजून दुसऱ्याच वर्षात होतं.

पहिला पेला झाला, कडक. दुसरा झाला, छान फेस आलेला. हमूदनं किटली पुन्हा मंद आचेवर ठेवली आणि झाकण किंचित उचलून पाहिलं. “अजून उतरला नाही,” तो म्हणाला. तासाभरानं म्हणाला, “पुदिना जुना वाटतोय.” संध्याकाळी त्यानं पहिलं अधिकृत निवेदन केलं: “तिसरा पेला येणारच आहे, त्यात शंका नको. पण कच्चा चहा पाजून मी तुमच्या तब्येतीशी खेळणार नाही.” एवढी काळजी आजवर त्या घरात कुणी कुणाची केली नव्हती.

खरं सांगायचं तर हमूदचं तरी काय चुकलं? सात वर्षांत त्याला ट्युनिसमधला एकही प्राध्यापक नावानं ओळखत नव्हता. आता बुतिलिमितमध्ये त्याच्या आईनं दोन बकरे कापले होते आणि साऱ्या गावाला कळलं होतं की पोरगा परदेशात अध्यक्ष झाला. कशाचा, ते गावानं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. असा माणूस दीड तासात किटली खाली ठेवेल?

राज्यकारभार सुरू झाला. बूहला पुदिना खातं मिळालं. यरबा नावाच्या बारक्या इंजिनियरला साखर. सालेक एरवी कधीच बोलत नसे, म्हणून त्याला विरोधी पक्ष नेमण्यात आलं, आणि ते काम तो मनापासून करू लागला. इसलमूला सरचिटणीसपद आणि रबरी शिक्का मिळाला. शिक्क्यावर किटली कोरलेली होती. इसलमूनं तो पहिल्यांदा उमटवला तो फक्त शाई चालते का हे पाहायला. पुढचे चाळीस ठसेही त्याच कारणासाठी.

आता तिसऱ्या पेल्याआधी उठायचं नाही, आणि वर्गात तर जायचं. घटनात्मक पेच होता. तो सरचिटणीसांनीच सोडवला: बाहेर जाणाऱ्यानं आपली एक चप्पल चटईवर ठेवावी, चप्पल बसली आहे तोवर माणूस बसला आहे असं मानावं. नवव्या दिवसाअखेरची आकडेवारी अशी: दिलेल्या परीक्षा तीन, आणलेले पाव सव्वीस, वेगवेगळ्या पायताणांमुळे गाडीत झालेली फजिती अकरा वेळा, चटईवरून उठलेली माणसं शून्य.

दहाव्या दिवशी लल्ला वसीला वर आल्या. गॅसचा वास जिन्यात येत होता.

“काय रे पोरांनो, चहा करताय की कातडं कमावताय?”

“हळू बोला, लल्ला,” यरबा कुजबुजला. “अध्यक्ष बसलेत.”

“कुठले अध्यक्ष?”

“या चटईचे.”

लल्लांनी हमूदकडं पाहिलं, मग किटलीत डोकावल्या आणि लुगड्याच्या पदरानं झाकावं तसं नाक पांढऱ्या ओढणीनं झाकून घेतलं. “मग उठवा की त्याला.”

“तिसऱ्या पेल्याआधी?” बूहला घाम फुटला. “लल्ला, काहीतरीच काय बोलता? आम्ही काय जनावरं आहोत?”

“आम्ही ट्युनिशियावाल्यांनी उठवलं होतं आमच्या तेवीस वर्षं बसलेल्या अध्यक्षाला,” लल्ला म्हणाल्या. “ते काम फार दिवसांचं नसतं. पुढं काय करायचं ते ठरवायला म्हणून बसलो, ते अजून बसलोच आहोत.” खिडकी उघडून त्या खाली गेल्या. त्यांना परकं शिष्टमंडळ ठरवून भेटीचं इतिवृत्त लिहिण्यात आलं. शिक्का इसलमूचा.

तेराव्या दिवशी नमुना ‘ड’ पाठवायची मुदत होती, दुपारी पाचपर्यंत. चारच्या सुमारास मामाचा फोन आला. “स्टुलाला पाय टेकायला आडवी पट्टी मारून घेतली,” मामा म्हणाला. त्याच्या आवाजातली माया ऐकून इसलमूला रडूच आलं. फोन ठेवून तो तडक हमूदपुढं जाऊन बसला.

“हमूदभाऊ, एक सही करा. माझं सगळं आयुष्य त्या रकान्यात अडकलंय हो. आणि विचार करा, आपण होऊन खुर्ची सोडणारा माणूस म्हणून आख्ख्या बुतिलिमितमध्ये तुमचं नाव निघेल.”

हमूदनं किटलीचं झाकण उचलून पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, “इसलमू, खरं सांगू? गुडघे कामातून गेलेत माझे. तेरा दिवस मांडी घालून बसलोय. मी रोज वाट बघतोय, कुणीतरी म्हणेल म्हणून. तूच पहिला आलास बघ.”

आणि त्यानं किटली उचलली. हात उंच करून काळी बारीक धार पाचही पेल्यांत सोडली. फेस आला. तिसरा पेला आला! इसलमूनं नमुना ‘ड’ आणि पेन पुढं सरकवलं. आता पाचांनी एकेक घोट घेतला की काम झालं.

पेले हातात आले, पण कुणी ओठाला लावला नाही.

“म्हणजे पुदिना खातं बंद?” बूहनं विचारलं.

“उद्यापासून चहा कोण करणार?” यरबा म्हणाला. “नवा माणूस म्हणजे पुन्हा निवडणूक, पुन्हा सतरा शपथा. चाललंय ते काय वाईट चाललंय?”

“अरे, पण मला उठायचंय,” हमूद म्हणाला.

“बसा हो भाऊ,” बूह म्हणाला. “तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे?”

सालेकनं त्या शपथांनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. “विरोधी पक्षाचा अध्यक्षांवर पूर्ण विश्वास आहे,” तो म्हणाला, आणि आपला पेला तबकात परत ठेवला. मागोमाग यरबानं. मग बूहनं.

सगळे इसलमूकडं बघू लागले. पेला त्याच्या हातात होता, बोटं भाजत होती. एक घोट. एक घोट घेतला की सही, खजुरी, उरलेली तीन वर्षं. त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याच वेळी कडेला ठेवलेला शिक्काही दिसत होता. उद्या तो कुणाला द्यायचा? आणि चौघांसमोर आपण एकट्यानंच पिऊन टाकलं तर ही पोरं काय म्हणतील? घाई कशाला, पाचला अजून वीस मिनिटं आहेत, असं म्हणून त्यानं पेला खाली ठेवला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यानं तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘प्रक्रिया चालू आहे, अध्यक्षांचे गुडघे आखडले आहेत’, वर किटलीचा ठसा मारला आणि फॉर्म पाठवून दिला. मग तो भिंतीकडं तोंड करून बसला आणि मनातल्या मनात कापडाचे दर पाठ करू लागला.

तीन आठवड्यांनी कक्षाचं उत्तर आलं. शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत मंजूर, शेरा ‘उत्कृष्ट’. कक्षाच्या संचालकांनी (सेवेचं एकोणिसावं वर्ष, मूळ नेमणूक दोन वर्षांची) स्वतः लिहिलं होतं की नेतृत्वाचं इतकं सखोल आकलन त्यांच्या पाहण्यात नाही, तिसरा रकाना छापखान्याच्या चुकीनं पडला होता, पुढच्या वर्षीपासून तो काढला आहे, आणि श्री. हमूद यांनी व्याख्यानाला यावं, गुडघ्यांसाठी खुर्चीची सोय केली जाईल. मामानं स्टूल शेजारच्या न्हाव्याला देऊन टाकलं. चटईवर तो तिसरा पेला अजून तसाच आहे; वर बुरशी धरलीय.

इसलमूचं हसू येतं ना? येणारच. समोर पेला होता, हात मोकळा होता, नुसता एक घोट घ्यायचा होता. पण मागच्या रविवारी तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. अकरा वर्षं तेच असलेले चेअरमन उभं राहून म्हणाले की यंदा कुणीतरी दुसरं बघा, मला आता झेपत नाही. तेव्हा मागच्या रांगेतून ‘छे छे, तुम्हीच राहा, चांगलं चाललंय’ असं म्हणून सगळ्यांत आधी टाळी कुणी वाजवली, ते आठवून पाहा. वडा हातात होता तुमच्या, म्हणून टाळी जरा बदबद वाजली, एवढंच.