एकशे चव्वेचाळीसच्या पुढे

हितेंद्र बोरसेने एका रविवारी सकाळी, भरताची वांगी पुसता पुसता ठरवलं की आपणही आता पुस्तकं वाचायची. निर्णय तसा निरुपद्रवी होता. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक असलेल्या माणसाने पन्नाशीत पुस्तक हातात धरलं, तर कुणाचं काही बिघडत नाही. पण हितेंद्रने हा निर्णय पुस्तकांच्या प्रेमापोटी घेतला नव्हता, तो घेतला होता कादरभाऊंमुळे.

कादरभाऊंना त्याने कधी पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं, आणि ते मात्र रोज. त्याची बायको ललिता शाळेत शिक्षिका. वर्षापूर्वी ती जळगावातल्या एका पुस्तक भिशीत गेली. भिशी म्हणजे पैशांची नव्हे. आठ सभासद, स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या महिन्याचं पुस्तक निवडायचं. प्रत एकच. ती तीन-तीन दिवस प्रत्येकाच्या घरी फिरायची, आणि महिनाअखेरच्या रविवारी सगळ्यांनी जमून मतं सांगायची. कादरभाऊ हे या भिशीचे बाइंडर, त्यांचं दुकान ललिताच्या शाळेच्या वाटेवरच. नवं पुस्तक आलं की ते आधी त्यांच्याकडे जायचं. ते त्याला खाकी कव्हर घालायचे आणि शेवटी आठ कोरी पानं शिवून द्यायचे. एका सभासदाला एक पान, त्यावर त्याने आपला अभिप्राय लिहायचा. पहिलं पान अर्थात कादरभाऊंचं.

इथवर हितेंद्रची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती जेवणाच्या ताटावर.

"कादरभाऊ म्हणतात, वाईट पुस्तकसुद्धा शेवटपर्यंत वाचावं. लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत लिहिलंय ना." हे ललिताने वरण वाढताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी, "कादरभाऊ म्हणतात, पुस्तकाची लायकी पाठीवरून कळते. ज्याची पाठ मोडली ते लोकांनी वाचलं." तिसऱ्या दिवशी फ्रिज घ्यायचा विषय निघाला, तर तिथेही कादरभाऊंचं काहीतरी निघालंच.

बावीस वर्षं या घरात मत द्यायचं काम हितेंद्रकडे होतं. वांगं कडू निघेल का, पडदे कोणत्या रंगाचे, तिच्या हेडमास्तरांना काय उत्तर द्यावं, सगळं ती त्याला विचारायची. आता ती विचारत नव्हती, सांगत होती, आणि तेही दुसऱ्याचं. ("भाऊ" म्हणते ना, मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. खानदेशात रिक्षावाल्यालाही भाऊच म्हणतात. त्या शब्दाने हितेंद्रच्या पोटातली आग विझत नव्हती.)

त्याने आपल्या परीने सामना करून पाहिला. एकदा जेवताना एकदम म्हणाला, "आयुष्य म्हणजे शेवटी एक प्रवासच आहे."

ललिता म्हणाली, "कळण्याची भाकरी आणखी अर्धी देऊ?"

त्याला फार नको होतं. एकदाच तिने आपल्याकडे वळून "छान बोललात" म्हणावं, एवढंच हवं होतं. चार लोकांत म्हणाली, आणि त्या चारांत तो कादर असला, तर उत्तमच.

योग असा की भिशीतल्या एका बाईंची भुसावळला बदली झाली आणि एक जागा रिकामी झाली. हितेंद्रने रविवारी, वांगी पुसून झाल्यावर, आपलं नाव पुढे केलं.

"तुम्ही?" ललिता म्हणाली. "पुस्तक वाचावं लागतं हं त्यात."

"अगं, दिवसाला चाळीस फाइली वाचतो मी."

हे खरं नव्हतं. कचेरीत फाइल कुणी वाचत नाही. फाइलीच्या शेवटी आधीच्या लोकांचे शेरे असतात, ते वाचायचे आणि खाली आपला शेरा मारायचा. पंचवीस वर्षांत हितेंद्रने याच पद्धतीने मोठमोठी प्रकरणं निकाली काढली होती, आणि एकही परत आलं नव्हतं. (आलं असेल तर ते दुसऱ्या टेबलावर.)

त्या महिन्याची कादंबरी जाडजूड होती. नव्या सभासदाचा नंबर शेवटचा, म्हणून ती सात घरं हिंडून, ललिताकडचे तीन दिवस संपवून हितेंद्रच्या हाती आली. त्याने ती सरळ मागून उघडली.

कादरभाऊंचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि हा पहिला घाव. त्यांनी लिहिलं होतं: "पान १४४ उलटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत पुष्कळ पाहिलं, असं पाहिलं नव्हतं."

पुढच्या पानावर कमलबाई: "१४४ च्या पुढची सोळा पानं मी घरात मोठ्याने वाचली. सासरे अंथरुणातून उठून बसले. म्हणाले, इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नाही." मग बँकेतला ईश्वर: "त्या सोळा पानांची झेरॉक्स काढून गावी पाठवली. वडिलांनी भिंतीला लावली आहे." कॉलेजात शिकवणारी मिसबाह: "१४४ पर्यंत वाचत होते. पुढे नुसती बघत बसले." आणखी दोघांचाही सूर तोच होता. आणि सर्वांत शेवटी, त्याच्या ओळखीचं तिरपं अक्षर: "कादरभाऊंशी पूर्ण सहमत. १४४ उलटल्यावर मला काही सुचेना. ललिता."

हितेंद्रने पुस्तक मिटलं. लग्नात ही बाई रडली नव्हती. हितेंद्रच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळीही नाही, तेव्हा ती बाहेर बाकावर पेपर तपासत बसली होती. आणि आता कुठल्यातरी एकशे चव्वेचाळीसाव्या पानापाशी त्या कादरच्या डोळ्यांत पाणी येतं काय आणि हिला काही सुचत नाही काय. ज्या पानापाशी या दोघांचं पाणी सांडलं, ते पान आपण उघडायचंच नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. मत्सरी माणसालाही स्वाभिमान असतो.

तीन दिवस पुस्तक कचेरीच्या टेबलावर पडून राहिलं. चौथ्या दिवशी त्याने आठव्या कोऱ्या पानावर लिहिलं: "१४४ च्या पुढील मजकूर अत्यंत हृदयद्रावक. याबाबतचे सविस्तर मत बैठकीत मांडण्यात येईल." खाली सही, तारीख.

बैठक कादरभाऊंच्याच घरी होती. जाताना हितेंद्रने लग्नातला सूट घालून पाहिला, तो पोटापाशी लागेना, म्हणून नुसता कोट घातला. दार एका बुटक्या, पासष्टीच्या गृहस्थाने उघडलं. डोळ्यांवर जाड भिंगं, नखांत वाळलेली खळ, पायजम्याला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"या साहेब, या. ताई रोज तुमचं सांगतात," कादरभाऊ म्हणाले.

हितेंद्रला हायसं वाटायला हवं होतं, पण उलटच झालं. माणूस देखणा असता तर गोष्ट निराळी, देखणेपण उतरतं. पण हा असा दिसतो आणि तरी ललिता याचं बोलणं घरी घेऊन येते, म्हणजे तिला खरोखर त्याचं बोलणंच आवडतं. यावर कोटाचा काही उपयोग नव्हता.

सुगराबींनी, म्हणजे कादरभाऊंच्या पत्नीने, चहा आणि शेव आणून ठेवली. कमलबाई सुरुवात करणार, तेवढ्यात हितेंद्र उभा राहिला. (भिशीत बसूनच बोलतात, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं.)

"मी नवा आहे. तरी मी आधी बोलतो," तो म्हणाला. "इथे सगळ्यांनी लिहिलंय की १४४ उलटल्यावर रडू आलं. मी म्हणतो, तुम्ही कमी रडलात."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. ललिताने कप खाली ठेवला. एवढं लक्ष त्याच्याकडे घरात कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे त्याला जोर चढला.

"मी ती पानं कचेरीत डबा खाताना वाचली. भाजी खारट झाली. साहेबांनी विचारलं, बोरसे, घरी सगळं ठीक ना? काय सांगणार त्यांना? बाईच्या मनातलं असं उलगडून ठेवलंय लेखकाने, की नवरा म्हणून मला माझीच लाज वाटली."

"अहो," ललिता हळूच म्हणाली.

"थांब, बोलू दे मला."

कादरभाऊंनी चष्मा पुसून परत लावला. "साहेब, त्यातलं कोणतं वाक्य जास्त लागलं?"

हा सापळा आहे, असं हितेंद्रला वाटलं. पण पंचवीस वर्षांची नोकरी अशा वेळी उपयोगी पडते. त्याने क्षणभरच विचार केला. "पहिलंच. १४४ उलटलं की येतं ते पहिलंच वाक्य. प्रत्येक नवऱ्याने ते चौकट करून स्वयंपाकघरात लावावं."

ईश्वरने शेवेची मूठ तोंडापाशी तशीच धरली होती. मग कमलबाईंनी पुस्तक ओढून घेतलं आणि १४४ काढून शेवटची ओळ वाचली.

"'तिने पदर सावरला, नदीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली,'" त्या समोरच्या पानावर गेल्या, "'प्रत्येक झाडास ब्याऐंशी ग्रॅम युरिया बुंध्यापासून वीतभर अंतरावर टाकून लगेच पाणी द्यावे.'"

मग त्यांनी चष्म्यावरून हितेंद्रकडे पाहिलं आणि त्या थेट अहिराणीवर आल्या. "भाऊ, आठे तं केळीना युरिया शे."

झालं होतं असं की छापखान्यात दुसऱ्याच एका पुस्तकाचा, केळी लागवडीच्या पुस्तकाचा, सोळा पानांचा फर्मा या कादंबरीत शिवला गेला होता. नायिका नदीकाठी बोलायला तोंड उघडते आणि पुढची सोळा पानं खतांचं वेळापत्रक येतं. इतकी वाईट शिलाई पाहून कादरभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, बाइंडरचं पाणी. कमलबाईंच्या सासऱ्यांची भडगावला केळीची बाग होती, म्हणून ते उठून बसले. ईश्वरच्या वडिलांनी ते वेळापत्रक शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत लावलं होतं. आणि ललिताला, कादंबरी मध्येच केळीत शिरल्यावर, काही सुचणं शक्यच नव्हतं.

हितेंद्र अजून उभाच होता. बसायचं असतं हे आता त्याला कळलं होतं, पण आता बसणं म्हणजे कबुली देणं होतं. ललिताने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. आज ती खरंच रडतेय, असं त्याला वाटलं. बावीस वर्षांत तिला रडवलं नाही, आणि रडवलं ते युरियाने.

तेव्हा कादरभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेबांचं काही चुकलं नाही. पुस्तकात लिहिलंय ना, लगेच पाणी द्यावे. त्यांनी डोळ्यांतलं दिलं."

खोली हसण्याने भरून गेली. ललिताने मान वर केली, तर ती सगळ्यांत जास्त हसत होती. कुणी टाळी दिली, सुगराबींनी चहा पुन्हा भरला, आणि हितेंद्रला बसता आलं. कादरने आपल्याला वाचवलं, हे त्याला समजत होतं. वाचवतानाही तो आपल्यापेक्षा चांगलंच बोलला, हे त्याहून जास्त समजत होतं.

स्कूटरवरून घरी येताना ललिता मागे बसून अधूनमधून एकटीच हसत होती. आकाशवाणी चौकात तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, रागावू नका. पण कादरभाऊ काय छान बोलले ना?"

पंधरा दिवसांनी तिने एक लहानसं पुस्तक आणून त्याच्यापुढे ठेवलं. कादरभाऊंनी कादंबरीतला तो केळीचा फर्मा सोडवून काढला होता आणि त्याला लाल कापडी पुठ्ठा बांधून वर सोनेरी अक्षरांत "हितेंद्र बोरसे" असं नाव टाकलं होतं. शेवटी, पद्धतीप्रमाणे, कोरी पानं शिवली होती. फक्त तीन.

पहिल्यावर मोत्यासारखं अक्षर: "बायकोच्या एका वाक्यासाठी न वाचलेल्या पानांवर रडणारा माणूस मी प्रथमच पाहिला. ताई, पुस्तक जपून वापरा, ही प्रत एकच आहे."

दुसऱ्यावर तिरपं अक्षर: "कादरभाऊंशी पूर्ण सहमत. ललिता."

हितेंद्रचे डोळे भरून आले. या खेपेस खरंच. आणि भरल्या डोळ्यांनीच त्याला हेही दिसलं की आपल्याबद्दलचं चांगलं मतसुद्धा तिने कादरशी सहमत होऊनच मांडलंय.

तिसरं पान त्याचं होतं. यावर मात्र असं काही लिहायचं, की कादरची चाळीस वर्षं फिकी पडावीत. त्याने सोळाही पानं दोनदा वाचली. (युरियाचे हप्ते त्याला आजही तोंडपाठ आहेत.) तीन दिवस पेनाचं टोक चावलं, चार कागद फाडले. शेवटी हाताला जी सवय होती तेच त्या हाताने लिहिलं: "वरील दोन्ही शेऱ्यांशी सहमत." खाली सही, तारीख.

ललिताने पुस्तक उघडलं, त्याचं पान वाचलं आणि त्याच्याकडे वळली.

"छान लिहिलंत," ती म्हणाली.

हितेंद्रची छाती फुगली. वर्षभर ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते शेवटी मिळालं होतं.

"कादरभाऊ म्हणालेच होते," ललिता पुस्तक कपाटात ठेवत म्हणाली, "की तुम्ही हेच लिहाल."