तीन कॉम्प्युटरांचं टेबल

गेल्या नाताळात डॉन एलिएसेर आमोरोचो यांची तिन्ही पोरं घरी आली आणि तिसऱ्या दिवशी निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. कारण एकच, घरात टेबल नव्हतं.

तिघांचीही कामं कॉम्प्युटरवरची. थोरला विल्मार बोगोताला, मधली मार्लेनी बुकारामांगाला, धाकटी युरानी मेदेयीनला. कुठूनही काम करा, असं त्यांचे साहेब म्हणत. पण कुठूनही म्हणजे कुठून? विल्मारने स्वयंपाकघरातला ओटा धरला, तर त्याचा माऊस आईच्या मक्याच्या पिठात गेला. मार्लेनीने इस्त्रीच्या फळीवर संसार मांडला, ती फळी ऐन मीटिंगमध्ये मिटली. युरानी पलंगावर बसून काम करत राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिची पाठच धरली. "बाबा, एक धड टेबल असतं ना, तर अख्खा डिसेंबर राहिलो असतो," निघताना ती म्हणाली. पोरगी बोलून गेली, बसमध्ये चढली, झोपलीसुद्धा. इकडे बापाने ते वाक्य मनाला लावून घेतलं.

डॉन एलिएसेर म्हणजे तीस वर्षं आमच्या गावाची बस हाकलेला माणूस. दर डिसेंबरात त्यांनी डोंगरातल्या त्या भयंकर वळणांवरून लोकांची पोरं घरी पोचवली. स्वतःची पोरं लहान होती तेव्हा सणासुदीला हे स्टिअरिंगवर. निवृत्त झाले, वाटलं आता पोरांबरोबर बसू, तर घरात पोरंच नाहीत. हे ते कधी कुणाला बोलले नाहीत. वर्षभर एकच म्हणायचे, "टेबल पाहिजे."

सुताराने सांगितलेला भाव ऐकून ते घरी आले तेच तणतणत. "ओतिलिया, मी टेबल मागितलं होतं, चर्चची वेदी नाही!"

"मग घ्या विकत प्लॅस्टिकचं."

"प्लॅस्टिकचं? त्यावर तीन कॉम्प्युटर, सहा स्क्रीन आणि ती तुझी युरानी कोपरं टेकून बसणार. मोडेल ना!"

"माझी युरानी! पाठ मोडून घेते तेव्हा माझी, आणि पगार वाढतो तेव्हा तुमची."

शेवटी फोनवर विल्मारनेच तोडगा सांगितला. जुना दरवाजा आडवा टाकायचा, खाली आधाराला पायांच्या दोन घोड्या ठेवायच्या, झालं टेबल. दरवाजा फुकटात मिळाला. तंबाखूची जुनी वखार पाडत होते, तिचा हा लांबलचक देवदारी दरवाजा कुणाला नको होता. घोड्यांचं काय? गावात पक्क्या लोखंडी घोड्या एकाच माणसाकडे होत्या. डॉन पास्तोर, मयताचं सामान पुरवणारे. शवपेटी ठेवायच्या जुन्या घोड्या काढून त्यांनी नव्या चाकाच्या आणल्या होत्या.

"घेऊन जा, एलिएसेर," डॉन पास्तोर म्हणाले. "आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही."

आता एवढा दरवाजा न्यायचा कशातून? तो मावेल अशी लांब गाडी गावात एकच, तीही डॉन पास्तोरांचीच. यंदा डिसेंबर लागताच गुरुवारी सकाळी ती काळी गाडी आमोरोचोंच्या दारात उभी राहिली. दोघांनी मिळून घोड्या उतरवल्या, मग लाकडाला चरे पडू नयेत म्हणून जांभळ्या मखमलीत गुंडाळलेला दरवाजा उतरवला. डॉन पास्तोर पुढच्या गावी कामाला निघून गेले. ओतिलियाबाई त्या वेळी बाजारात होत्या.

आणि समोरच्या घराच्या खिडकीत कुस्तोदियाबाई होत्या. त्या नसतात कधी? आमच्याकडे ती काळी गाडी दारात थांबली की शेजारीण कारण विचारत बसत नाही, मोठं पातेलं काढून कॉफीचं आधण ठेवते. कुस्तोदियाबाईंनी ते ठेवलंच.

आत डॉन एलिएसेर दार लावून दरवाजा घासायला बसले. मशीनचा आवाज सहन होईना म्हणून कानात कापूस घातला. भुसा नाकात जायला लागला म्हणून तिथेही घातला. तासाभरात माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला. दरवाजा घोड्यांवर चढवला, वायर ओढल्या, तिन्ही जागांचे प्लग एकदम लावून पाहिले, तर फट्! घरातली वीज गेली. घरातला एकुलता फोन चार्जिंगला होता, तोही बंद पडला. पण आज त्यांचं डोकं तापलं नाही. टेबल काय झोकात दिसत होतं! फक्त भार पेलेल का, एवढं पाहायचं राहिलं होतं. मदतीला कुणी नाही. मग काय, ते स्वतःच वर चढून उताणे आडवे झाले. करकर नाही की डुगडुग नाही. हात छातीवर घेतले, डोळे मिटले. इथे विल्मार, मधे मार्लेनी, तिकडे युरानी, असं मनात मांडता मांडता त्यांना गाढ झोप लागली.

कुस्तोदियाबाई कॉफी घेऊन आल्या. दोनदा हाका मारल्या, दार वाजवलं, शेवटी खिडकीतून डोकावल्या. घोड्या, त्यावर फळी, फळीवर डॉन एलिएसेर, चेहरा पांढराफटक, नाकाकानांत कापूस.

"अगं बाई!" कॉफी तिथेच सांडली. "ओतिलिया बिचारी मृत्यूचा दाखला आणायला गेली असणार, एकटीच!"

बाई हुशार, पोरांचे नंबर पाठ. रडत रडत तिघांनाही फोन केले. "बाळा, धीर धर. मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. किती शांत दिसतायत!" मग चर्चमध्ये निरोप गेला आणि मयताची घंटा वाजायला लागली.

त्या घंटेने कापसातूनही डॉन एलिएसेर जागे झाले. कुणाची तरी घंटा वाजतेय म्हणजे जायला हवं. परसदाराने बाहेर पडून गल्लीला वळसा घालून ते पुढे आले, तर आपल्याच दारात ही गर्दी! लोक खुर्च्या मांडत होते. बाजारातून आलेल्या ओतिलियाबाईंना चार बायकांनी कवटाळलं होतं आणि बाई विचारत होत्या, "पण झालंय काय? कोण गेलं?"

"हो ना, कोण गेलं?" मागून डॉन एलिएसेर म्हणाले.

गर्दीत अशी काही किंचाळी उठली, की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. ओतिलियाबाईंना सगळं उमगायला थोडा वेळ लागला. उमगल्यावर मात्र त्यांनी हातातली कांद्याची जुडी नवऱ्याच्या पाठीत घातली आणि त्याच्याच गळ्यात पडून रडल्या.

"पोरांना कळवलंय मी," कुस्तोदियाबाई हळूच म्हणाल्या. "निघालीत तिघंही."

डॉन एलिएसेर यांनी बोटं मोजली. "तिघंही?"

"आधी फोन लावा!" ओतिलियाबाई ओरडल्या. "पोरं रडत येतायत आणि तुम्ही काय मोजताय!"

त्यांनी कुस्तोदियाबाईंच्या फोनवरून विल्मारला लावला. "विल्मार, मी बोलतोय. बाबा." पलीकडे बसचं इंजिन घरघरत होतं. मग विल्मार ढसाढसा रडला, मग त्याने दोन शिव्या हासडल्या, कुणाला ते कळलं नाही. शेवटी नाक पुसून म्हणाला, "म्हणजे ठीक आहात ना? मग उतरू का मी पुढच्या थांब्यावर?"

तीस वर्षांत डॉन एलिएसेर यांनी कधी उतारूला उतरू नको म्हटलं नव्हतं. "तिकीट काढलंयस ना?" ते म्हणाले. "मग वाया कशाला घालवतोस?" मुलींनाही त्यांनी हेच ऐकवलं.

शुक्रवारी सकाळपर्यंत तिघं घरात होती. आधी बापाला चिमटे काढून झाले, मिठ्या मारून झाल्या, मग हसू फुटलं. मयताच्या घरी म्हणून शेजाऱ्यांनी पाठवलेले केळीच्या पानात वाफवलेले तामाल परत कोण नेणार? नव्या टेबलाभोवती बसून सगळ्यांनी ते हाणले. डॉन एलिएसेर हात फिरवून एकेक जागा दाखवत होते. "हा तुझा प्लग. ही तुझी जागा, उजेड डावीकडून येतो. लाव बघू कॉम्प्युटर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबा," युरानी म्हणाली, "तुम्ही गेलात म्हणून फोन आला. कोण कॉम्प्युटर घेऊन निघेल?"

टेबल रिकामंच राहिलं. पण ऑफिसांनी बाप गेल्याची पाच-पाच दिवसांची रजा मात्र दिली होती.

"खरं काय ते कळवा साहेबांना," ओतिलियाबाईंनी बजावलं. "असलं अशुभ मला घरात नको."

"कळवतो ना, सोमवारी," विल्मार म्हणाला आणि टेबल हलवून बघत त्याने विचारलं, "पण बाबा, या तीनच जागा झाल्या. तुम्ही कुठे बसणार?"

"मला कुठे काम आहे?" डॉन एलिएसेर म्हणाले. "मी समोर बसून तुमच्याकडे बघणार."

मार्लेनी ताटं उचलायच्या निमित्ताने उठली, तोच तिचा फोन वाजला. साहेबांचा व्हिडिओ कॉल. कापायला गेली आणि घाईत घेतला गेला. पडद्यावर साहेब, काळा टाय लावून, डोळे ओले. त्यांचेही वडील याच वर्षी वारले होते. डॉन एलिएसेर चटकन बाजूला सरकले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

"मार्लेनी, काही बोलू नकोस," साहेब म्हणाले. "मला सगळं कळतंय. कसे होते गं तुझे वडील?"

मार्लेनी खरं सांगणार होती. तोंडही उघडलं होतं तिने. मग तिची नजर भिंतीकडे गेली. "बस चालवायचे," ती म्हणाली. "सगळ्या गावाची पोरं घरी आणली त्यांनी. आम्हीच आलो नाही. आलो तर तीन दिवस. आमची वाट बघत असायचे, पण बोलले कधीच नाहीत." तिचा आवाज खरंच चिरकला. भिंतीपाशी डॉन एलिएसेर यांनी शर्टाची बाही तोंडात धरली होती.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "माझ्या वडिलांना मी कधी विचारलंच नाही. तुझ्या वडिलांची काही शेवटची इच्छा?"

मार्लेनीने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. डॉन एलिएसेर यांनी एक बोट वर केलं आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, डिसेंबरच्या पानावर, वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"आम्ही महिनाभर घरी राहावं," मार्लेनी म्हणाली.

"मग राहा," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर तिकडे पाठवून देतो. काम तिथूनच कर. आईला एकटीला सोडू नकोस."

डॉन एलिएसेर यांनी डोळे पुसले, जरा विचार केला आणि आणखी एका शेवटच्या इच्छेसाठी दुसरं बोट वर केलं. मार्लेनीने फोन बंद केला.