उर्वशीची पात

चॅनलवाले हो, तुम्ही घातकी आहात. साडेसातची मालिका तुम्ही एका मंगळवारी गुपचूप साडेसहाला नेलीत. खाली एक बारीक पट्टी सोडलीत, तीही मालिका संपून गेल्यावर. थंडगार खोलीत बसून वेळ बदलायला तुमचं काय जातं? इकडे महागाव तालुक्यातल्या एका तांड्यात फुलचंदचं अख्खं वावर पांढरंफेक फुटलं होतं, आभाळ भरून आलं होतं, आणि तो कापूस घरी येणार की झाडावरच भिजणार, हे तुमच्या त्या मालिकेवर ठरणार होतं.

कसं ते ऐका. वेचणीच्या दिवसांत बायका मिळत नाहीत. बिजलीबाईची आठ जणींची टोळी होती आणि उद्या कुणाच्या वावरात जायचं हे बिजलीबाई एकटी ठरवायची. शेजारच्या धरमसिंगनं टोळीसाठी ऑटो लावला होता, वर दुपारची भजी. फुलचंदकडे ऑटो नव्हता, भजी नव्हती. त्याच्याकडे बायको होती, उज्ज्वला. ती सहालाच स्वयंपाक उरकायची, साडेसातला ‘माप ओलांडताना’ बघायची आणि दुसऱ्या दिवशी वेचता वेचता ती मालिका जशीच्या तशी सांगायची. सासू सासूच्या आवाजात, सून सुनेच्या. त्या वेळी बाकीच्या सगळ्या चुलीपुढं असायच्या. म्हणून टोळी ऑटो सोडून पायी फुलचंदच्या वावरात यायची.

ऐकणाऱ्या काही मुक्या नव्हत्या. नायिका उर्वशीचा नवरा इंद्रजित बिनकामाचा आहे, यावर आठही जणींचं एकमत होतं. टोळीतली कौसल्या तर यवतमाळला जाऊन सिनेमा पाहून आलेली. तिचं म्हणणं, नाच चांगले होते, पण हिरोच्या सबंध गावात एकाही माणसाला काही काम नव्हतं.

फुलचंद धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून लक्ष ठेवायचा. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. उर्वशी रडायला लागली की बायकांचे हात मंदावतात, आणि सासू आली की रागानं दुप्पट चालतात. त्यानं घरी बायकोला सांगूनही पाहिलं, “रडन्याचं कमी सांगत जाय. सासूचं वाढव.”

तर तो मंगळवार. उज्ज्वलेनं साडेसातला टीव्ही लावला तेव्हा तिथं काही माणसं एकमेकांच्या तोंडाला केक फासत होती आणि समोरची माणसं हसत होती. मोबाइलवर बघावं, तर आधी वर्षाचे पैसे भरा म्हणे. आणि बातम्यांत सांगत होते, शुक्रवारी पाऊस.

बुधवारी सकाळी टोळी पातीला लागली, एकेक बाई एकेका ओळीला. पाहायचं राहिलं म्हणून सांगावं, तर धरमसिंगचा ऑटो पांदणीत उभाच होता. उज्ज्वलेनं एकवार आभाळाकडे पाहिलं आणि मनानंच मालिकेतल्या सासूला कामाला लावलं. सासूनं उर्वशीला सातव्या महिन्यात घराबाहेर काढलं. गळ्यातलं मंगळसूत्र ओढून घेतलं. इंद्रजित फोनवर बोलत होता. आठ जणींचे सोळा हात असे चालले की दुपारपर्यंत अर्धं वावर मोकळं झालं. फुलचंदला तर सासूबद्दल आदरच वाटायला लागला.

त्या संध्याकाळी उज्ज्वलेनं टीव्ही लावलाच नाही. आपली सासू एवढी रंगात आलेली. आता खरी पाहिली तर घोटाळा व्हायचा.

गुरुवारी बिजलीबाईनं विचारलं, घराबाहेर काढली तर मग ती खाते काय? मालिकेत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. समोर जे दिसत होतं तेच उज्ज्वलेनं सांगून टाकलं. उर्वशी कापूस वेचायला लागली.

सगळ्या पातींवर एकदम बोलणं सुरू झालं. कोणती साडी नेसून वेचते? पोटुशी बाई कमरेला कापसाचं फडकं कसं बांधेल, तिनं ते खांद्यावरून घ्यावं. दोन दिवसांत बोटं चिरली असतील, कोणी तेल लावायला सांगितलं का? उर्वशीच्या टोळीतल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं तिच्या शेजारची पात घ्यावी, असंही ठरलं. मालिकेत असं कोणीच नव्हतं, पण उज्ज्वलेनं लगेच घातलं. त्या दिवशीही कापूस चांगला निघाला. फक्त खालच्या अंगाच्या थोड्या पाती उरल्या.

शुक्रवारी उजाडताच वारा सुटला. त्यातच बिजलीबाईची सून खुशी माहेराहून आली होती, ती टोळीबरोबर आली. उज्ज्वलेनं पहिलंच वाक्य टाकलं आणि खुशी सरळ म्हणाली, “मामी, असं काहीच झालं नाई. मी रोज पाहून राह्यली. सासूची याददाश्त गेली. उर्वशी तिले खीर करून चारते.”

हात थांबले. धुऱ्यावर फुलचंदच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडे धरमसिंगच्या ऑटोनं हॉर्न दिला.

उज्ज्वलेनं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. वेळ बदलली, पाहायचं राहिलं, पाऊस येणार होता, तुम्ही गेल्या असत्या. बिजलीबाईनं ते ऐकून घेतलं आणि सुनेकडे वळली.

“थे घरातच हाये?”

“घरातच.”

“काम काय करते?”

“खीर. आन मंग दाराआड उभी राहून ऐकते.”

“हातात काय?”

“बांगड्या. लई बांगड्या.”

बिजलीबाईनं कमरेचं फडकं आवळलं. “थे त्यायची उर्वशी. त्यायले राहू दे,” ती म्हणाली. “आपल्या पोरीचं काय झालं थे सांग. एकटी वेचून राह्यली काय अजून?”

ऑटो तसाच रिकामा गेला. फुलचंदनं उपरण्यानं कपाळ पुसलं. आता त्याला सासूही नको होती, नुसतं संध्याकाळपर्यंत आभाळ धरून राहावं एवढंच हवं होतं. वीसेक पाती बाकी होत्या.

उज्ज्वला सांगू लागली. उर्वशी ज्याच्या वावरात वेचायची त्या मालकाचा कापूस भिजायला आला होता. आठ बायांनी होत नव्हतं. मालक धुऱ्यावरून बघत होता. त्यानं बघितलं, पोटुशी बाई वाकून वाकून वेचते आहे. मग त्यानं चपला काढल्या, फडकं बांधलं आणि तिच्या शेजारच्या पातीला लागला. बाईसारखं भरभर जमत नव्हतं त्याला, पण लागला.

कौसल्येनं वर पाहिलं. मग खुशीनं. मग एकेक करून सगळ्यांनी, धुऱ्याकडे. फुलचंद बायकोकडे पाहत राहिला. ती एका बोंडातला कापूस अगदी मन लावून उपसत होती.

बिजलीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पावसाचा पहिला गार वास आला, तरी ती हलेना.

“फुलचंद,” ती म्हणाली, “तिचा मालक पातीत उतरला. तू काहून नाई उतरत?”

फुलचंदनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग पायांतल्या चपलांकडे.

“आमी थांबल्या. सांग, काहून?”