शून्याखालचं पाणी

वादात माझ्यासमोर टिकेल असा माणूस अख्ख्या बारामतीत नाही! उगाच नाही इतकी वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवतोय. त्यामुळे आमच्या योगिनीला बघायला येणारा ऋषिराजही फिजिक्सचाच प्राध्यापक आहे म्हटल्यावर मी बायकोला म्हणालो, "राजेश्वरी, एकच प्रश्न विचारतो. पोरगा किती पाण्यात आहे ते लगेच कळेल!"

"काही विचारू नका," ती म्हणाली.

मंडळी जळोचीच्या आमच्या घरी आली, पोहे फिरले आणि मी विचारलंच. "निर्वात पोकळीत काहीच नसतं, तरी तिथं ऊर्जा उरते. ती खरी की नुसती कागदावरची?"

"कागदावरची," ऋषिराज म्हणाला. "मोजता येतो तो फक्त फरक. तळाचा आकडा वजा करायचा."

वजा? माझं डोकंच सणकलं! "अहो, पोकळीत दोन पत्रे अगदी जवळ ठेवले की एकमेकांकडे ओढले जातात. कशानं? भुतानं?"

"पत्र्यांतल्या विद्युतभारांनी. तुमची ऊर्जा न धरताही गणित सुटतं."

तुमची ऊर्जा! जशी काही मी घरी पाळलीय! मी ताडकन उठलो. "तुमचं गाव इंदापूरकडं, उजनी धरणाच्या काठावर ना? धरण शून्य टक्के झालं तरी तळाला पाणी असतं की नाही?"

"असतं. पण तो मृतसाठा. तो धरायचाच नाही."

त्याच्या वडिलांनी, दादासोंनी, हातातली बशी आपटली. "न्हाय धरायचा? आरं, उन्हाळ्यात आपला ऊस कशावर जगतो? तुझं शिक्षाण त्याच पाण्यावर झालंय!"

"आबा, ते नुसतं उदाहरण हाय..."

"आन् आपल्या मोटारी काय उदाहरणावर चालत्यात?"

मला चेव चढला. "बरोबर बोललात, दादासो! तळाचं ते सगळीकडं असतं. कुणा एकाच्या मालकीचं नसतं!"

दादासो गर्रकन माझ्याकडे वळले. "आस्सं! म्हंजी आमचं तळाचं पाणीबी बारामतीला पायजे व्हय? ऊठ रं ऋषिराज!"

पोराचा दंड धरून ते निघालेसुद्धा! इंदापूरच्या दिशेनं धुरळा उडाला, तेव्हा योगिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"सगळे कुठं गेले?"

"जाऊ देत! असला आडमुठा पोरगा आपल्याला नकोच!"

तिनं ट्रे आदळला. डोळ्यांत पाणी, आवाजात आग. "बाबा, आमचं दोघांचं कधीच ठरलंय! आज तुम्ही फक्त पोहे खायचे होते!"

उद्या आम्ही माफी मागायला इंदापूरला चाललोय. बोलणार राजेश्वरी. मी गाडीतच बसायचं, काचा वर करून!