नावाड्याच्या मनातलं

कुलूपवाल्याने एका अनोळखी लेखकाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि तेव्हापासून होडी काही किनाऱ्याला लागेना.

होडी टीव्हीवरच्या मालिकेतली. मालिका मध्येच बंद पडली; नावाडी भर पाण्यात, त्याची बायको काठावर. मग चाहतेच मोबाइलवर पुढची गोष्ट लिहू लागले. कुलूपवाल्यानेही लिहून पाहिली. त्याची होडी झपाझप चालायची, पण आत बसलेला नावाडी म्हणजे नुसता ओंडका. 'वल्हेकरी' या टोपणनावाने लिहिणाऱ्याचा नावाडी मात्र जिवंत. तीच गोष्ट कुलूपवाला अंथरुणाला खिळलेल्या बायकोला रोज वाचून दाखवी. डॉक्टरांनी हात टेकले होते. होडी लागलेली तिच्या कानावर पडावी, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

नावाड्याच्या मनातलं तुम्ही असं लिहिता की काळजात कालवतं, असं त्याने वल्हेकऱ्याला कळवलं. वल्हेकरी इतका फुलला, की पुढच्याच भागात नावाड्याने वल्हं खाली ठेवलं आणि तो विचार करत बसला. त्यापुढच्या भागात त्या विचारांवर विचार. बाकीचे वाचक कंटाळून पांगले. एकटा कुलूपवाला उरला, म्हणून वल्हेकरी खास त्याच्यासाठी आणखी खोलात शिरला. होडी जागची हलेना, आणि इकडे बायकोचा श्वास आखूड होत चालला. अखेर भीड सोडून त्याने लिहिलं, घरी आजारी माणूस आहे, होडी तेवढी लावा.

वल्हेकरी भला माणूस. दुसऱ्या दिवशी होडी काठाला, बायको गळ्यात, समाप्त.

कुलूपवाला हरखून उशाशी बसला, तोच ती म्हणाली, "लागली नाही ना हो अजून?"

"का गं?"

"लागली की संपलं. मग उद्या मी कशासाठी जागी होऊ?"

त्याने घसा खाकरला. डोळ्यांसमोर 'समाप्त' होतं, आणि तो वाचू लागला. "नावाड्याने वल्हं पुन्हा खाली ठेवलं. काठावरचा तिचा दिवा त्याला दिसत होता. त्याला वाटलं, आपण पोचलो की ती दिवा मालवेल. त्यापेक्षा लांबच बरे. गंजलेल्या कुलपात किल्ली घाईने फिरवू नये, तुटते."

तिने उशीवरच मान त्याच्याकडे वळवली.

"आज फार छान लिहिलंय. एरवी मेला पाल्हाळ लावतो. कळवा त्याला."

"काय कळवू?"

"नावाड्याला कुलपांतलं बरंच कळतं म्हणावं," ती डोळे मिटून म्हणाली. "उद्या पुढचं वाचा."