निकमभाऊंचा अंगठा

दूध उतू जायला लागलं की माणूस गॅसकडे धावतो. आमचे निकमभाऊ जागच्या जागी उजवा अंगठा ओट्यावर दाबतात आणि समाधानाने म्हणतात, "धरलंय." दूध जातं ते जातंच.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. आमच्या नाशकातल्या कबड्डीच्या स्पर्धा हल्ली मोबाइलवर लाइव्ह दिसतात ना, तिथे मांडवात रिप्लेच्या मशीनवर निकमभाऊ बसतात. शेजारी स्कोअर टाकायला मी. कॅमेरे सारखे टिपतच असतात. पण चांगली पकड झाली की लगेच बटण दाबून त्या जागेवर खूण करावी लागते. खूण असली तर रिप्ले झटकन लागतो. नसली तर बसा शोधत, तोवर खेळ पुढे गेलेला असतो. निकमभाऊंची खूण कधी चुकलेली मी पाहिली नव्हती, आणि ही गोष्ट ते स्वतःच दर स्पर्धेला सगळ्यांना सांगायचे.

मांडवाबाहेरही तेच. द्वारका चौकात दोन स्कूटरवाले एकमेकांना घासले, की हे रिक्षातून उतरून दोघांना क्रम समजावणार: आधी तुमचा ब्रेक, मग यांची शिवी. मग ते दोघंही भांडण विसरून यांच्यावरच उलटतात. वहिनी तर म्हणतात, "यांच्याशी भांडायची सोयच नाही. सुरुवात कोणी केली ते यांना पक्कं ठाऊक असतं, आणि ती नेमकी मीच केलेली असते."

फक्त मुलीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. मयूरी कबड्डी खेळते, चढाईत तरबेज. तिची एकच तक्रार, पप्पांनी माझी एकही मॅच बघितलेली नाही. निकमभाऊ कळवळून सांगायचे की तुझी प्रत्येक चढाई मी तीन-तीन कॅमेऱ्यांतून बघतो. "ते काम झालं, पप्पा," ती म्हणायची. मग चहा पिताना ते मलाच विचारायचे, काम करताना दिसतं ते बघणं नसतं का हो? खरंच लागलं होतं ते त्यांना.

परवा देवळाली कॅम्पला फायनल होती. शेवटची चढाई, जिंकायला एक गुण हवा, आणि मयूरी आत गेली. तिघींनी तिला कमरेला-पायाला धरून पाडलं. ती तशीच फरफटत आली आणि मध्यरेषेला बोटं टेकवली. लोक उठून नाचायला लागले. हेडफोनमध्ये डायरेक्टर रिप्ले मागत होता आणि रिप्ले काही येईना. मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. निकमभाऊ हेडफोन गळ्यात टाकून, मांडवाचं कापड बाजूला सारून, मैदानाकडे बघत उभे होते. बटणाची त्यांना शुद्धच नव्हती.

डायरेक्टरने नंतर जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. भाऊंची खूण चुकली म्हणून चिडवायची अशी आयती संधी मीही सोडणार नव्हतो, पण त्यांचा चेहरा बघून सोडून दिली.

थोड्या वेळाने मयूरी मांडवात आली. गुडघे सोललेले, तोंडभर हसू.

"पप्पा, रिप्ले लागला होता ना माझा?"

"नाही गं. बटणच दाबलं नाही. उभा राहून तुलाच बघत होतो."

ती त्यांच्याच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मग तोंडी सांगा."

निकमभाऊ तिने मैदानात टाकलेल्या पहिल्या पावलापासून सांगायला लागले. पोरीला अजिबात घाई नव्हती.